दोन सारख्या ओळी

६ फेब्रुवारी

भिंगरे,

तुमच्या वाचनालयाचा संदेश आला. 'सभासदांचे पासवर्ड यापुढे अधिक सुरक्षित पद्धतीने साठवण्यात येतील.' खाली सही कुणाचीच नाही, पण इतकं कोरडं वाक्य आपल्या घराण्यात तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. तर आता मला सरळ सांग. 'यापुढे अधिक' म्हणजे आतापर्यंत काय होतं? दोरीवरच्या कपड्यांसारखे सगळ्यांचे शब्द उघड्यावर होते? आणि तू येता-जाता बघत होतीस?

तू तिथे नोकरीला लागलीस परवा-परवा. मी कधीपासून कपड्यांच्या कपाटात शिरून, दार ओढून घेऊन, डोक्यावर रजई पांघरून पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करतेय, का तर रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत येऊ नये. ज्यांना दिसत नाही त्यांनी ती ऐकावी. त्यांना माझं नाव माहीत नाही, 'साळुंकी' एवढंच माहीत आहे, आणि ते झकास आहे. पण तुमच्या दारातून शिरताना मी जो शब्द टाइप करते तो माझा आहे. तो मी कुणालाही सांगितलेला नाही. तुझ्या काकांनासुद्धा नाही. बिचारे जाईपर्यंत समजत होते की त्यांचंच नाव असणार.

दुसरं म्हणजे, हे खलाशांचं पुस्तक पुरं झालं की माझं खातं बंद करून टाक. पुरं झालं नाही तरी मार्चअखेर बंद कर. घसा बसलाय आणि कपाटात शिरायचं वयही राहिलं नाही. गुडघे दारात अडकतात.

उत्तर पत्रानंच लिही. फोनचा हल्ली कंटाळा येतो. आणि तुझ्या आईला यातलं काही बोलू नकोस. तसं तिला माझ्याबद्दल ऐकायची हौस आहे असंही नाही म्हणा.

मावशी


११ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तुला आणि फोनचा कंटाळा? तुझा फोन आला की मी आधी भात टाकायचे, मग फोन उचलायचे, कारण तुझं 'बरं, अजून एक' संपेपर्यंत तो शिजून गारही व्हायचा. असो. पत्र तर पत्र. तुझं अक्षर पाहून खूप बरं वाटलं.

आता तुझ्या आरोपाचं. मी तुझा शब्द पाहिलेला नाही. मी तो पाहूच शकत नाही. मी काय, आमच्या बाई, ज्या माझ्या वरिष्ठ आहेत, त्याही नाही. ज्यानं हे सगळं पहिल्यांदा बांधलं आणि मग नोकरी सोडून गेला, तोही नाही. उद्या कुणी चोरानं आमची सगळी यंत्रं उचलून नेली तरी त्याला तुझा शब्द तिथे लिहिलेला सापडणार नाही, कारण तो तिथे नाहीच. कुलूप लावून ठेवलाय असं नाही, मावशी. कुलपाला किल्ली असते आणि किल्ली कुणाच्या तरी खिशात असते. इथे किल्लीच नाही.

कसं ते सांगते. तू शब्द टाइप करतेस. तो आमच्याकडे येऊन एका गिरणीत पडतो. गिरणी म्हणजे गणित, पण तू गिरणीच समज. दुसऱ्या तोंडातून चौसष्ट अक्षरांचा एक गिचमिडा बाहेर पडतो. आम्ही तेवढा ठेवतो आणि तुझा शब्द तिथल्या तिथे सोडून देतो. दुसऱ्या दिवशी तू आलीस की पुन्हा दळायचं आणि कालचं पीठ आणि आजचं पीठ तंतोतंत जुळतंय का बघायचं. जुळलं की दार उघडतं. पिठाचा पुन्हा दाणा करायची सोय या जगात कुणाकडे नाही, आमच्याकडेही नाही.

मी हे शिकले, परीक्षेत लिहिलं, मार्कही मिळवले. तरी खरं सांगू? पहिल्यांदा स्वतःच्या हातानं करून पाहिलं तेव्हा खुर्चीत आ वासून बसले. गंमत म्हणून तुझ्या खलाशांचं अख्खं पुस्तक त्या गिरणीत टाकलं. वादळं, बंड, ते जहाज, सगळं. बाहेर आली चौसष्ट अक्षरं. मग एका पानावरचा एक स्वल्पविराम काढला आणि पुन्हा टाकलं. पुन्हा चौसष्ट, पण चेहरामोहरा सगळाच वेगळा, जणू दुसऱ्याच कुणाचं पुस्तक. एका स्वल्पविरामानं! मी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दंडाला धरून दाखवायला आणलं. तो म्हणाला, "हो, असंच असतं ते," आणि कॉफी आणायला निघून गेला. काही माणसांना कशाचंच काही वाटत नाही.

मग 'यापुढे अधिक' काय? जुन्या गिरणीत एक खोट आहे. सारखा शब्द टाकला की सारखंच पीठ. म्हणजे दोन माणसांनी योगायोगानं एकच शब्द निवडला, तर त्यांच्या ओळी हुबेहूब सारख्या दिसतात. शब्द कळत नाही, पण दोघांचा एकच आहे एवढं मात्र कळतं. चोराला तेवढंही कळता कामा नये. म्हणून आता प्रत्येकाच्या वाट्याला वेगवेगळं चिमूटभर मीठ येणार (आमच्या धंद्यात त्याला मीठच म्हणतात) आणि सगळं पुन्हा दळलं जाणार. मग शब्द एक असला तरी ओळी सारख्या दिसणार नाहीत. हे काम एक मार्चला होईल.

खातं बंद करायचं काय काढलंस? तू वाचायची थांबलीस तर तुझे ऐकणारे माझ्या ऑफिसवर चाल करून येतील. घशाला गरम पाणी पी.

तुझी,
भिंगरी


१६ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र एकदा वाचलं, मग चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि मग बराच वेळ खिडकीशी बसून राहिले. समोर एक माणूस शिडीवर चढून दुकानाची पाटी रंगवत होता. तो पाटी संपवून उतरला तरी माझी मान हलेना.

म्हणजे तुमच्या दारावर असा राखणदार उभा आहे, ज्यानं माझं तोंड पाहिलेलं नाही, ज्याला माझा शब्द ठाऊक नाही, कुणी मारझोड केली तरी जो सांगू शकत नाही, कारण त्याच्यापाशी सांगण्यासारखं काही नाहीच. आणि तरी मी आले की तो मलाच ओळखतो. बाई गं! आम्ही आयुष्यभर ज्यांना सगळं सांगत बसलो, त्यांनी आम्हाला धड ओळखलं नाही. मी नवीन केशरचना केली तर तुझ्या काकांना दोन दिवसांनी कळायचं.

आणि हे माणसानं काढलं डोक्यातून? देवानं काढलं असतं तर मी हात जोडून गप्प बसले असते. माणसानं काढलं म्हणून अचंबा वाटतो. तू अशा ठिकाणी काम करतेस आणि मला इतके दिवस 'कॉम्प्युटरचं काहीतरी' एवढंच सांगत होतीस. कान उपटायला हवेत तुझे.

एक विचारते. ते सारख्या ओळींचं लिहिलंस, तसे असतात का खरंच लोक? एकमेकांना ओळख ना देख, आणि मनात एकच शब्द?

घशाचं विचारू नकोस. डॉक्टर म्हणतात कमी बोला. मला! त्याला म्हटलं, माशाला सांगा कमी पोहायला. खलाशांची शेवटची प्रकरणं तशीच राहिलीत. जहाज भर समुद्रात उभं आहे, वारा पडलाय, आणि वाचणारी कपाटाबाहेर बसलीय. खातं मात्र मार्चअखेर बंद कर, हे मी विसरलेले नाही.

मावशी


२१ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

तू जे विचारलंस ते विचारायला नको होतंस. चार दिवस मी हे पत्र लिहितेय आणि फाडतेय. आपल्या घरात सगळे म्हणतात, मी तुझ्यावर गेलेय, तोंडात तीळ भिजत नाही. पण माझ्या कामात तीळ भिजवणं हेच तर काम आहे. तेव्हा जे लिहितेय ते चूक आहे हे ठाऊक असून लिहितेय.

मीठ घालायच्या आधी मला तपासायचं होतं की सारख्या ओळी किती आहेत. मी यंत्राला विचारलं, त्यानं यादी दिली. वर मोठा घोळका होता. ते आळशी लोक, एक-दोन-तीन-चार लिहून मोकळे झालेले. त्याखाली छोटे घोळके. आणि अगदी तळाशी एकच जोडी. अख्ख्या वाचनालयात तो गिचमिडा फक्त दोघांचा. मी नावांकडे बघायला नको होतं. बघितलं.

एक ओळ 'साळुंकी'ची होती. दुसरी 'थोरली'ची. आणि 'थोरली' म्हणजे माझी आई आहे, मावशी. मोतीबिंदूमुळे तिला वाचता येईना म्हणून तीही आमची सभासद झाली. मीच नाव नोंदवून दिलं. पासवर्डच्या वेळी तिनं मला खोलीबाहेर घालवलं होतं.

मावशी, चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं. मी बोट ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिलं. अंगावर काटा आला तो अजून आलेलाच आहे. तुम्ही दोघी आजोबा गेल्यापासून एका शब्दानं बोललेल्या नाहीत. माझ्या लग्नात तू मांडवाच्या एका टोकाला होतीस, ती दुसऱ्या. आणि इथे, जिथे कुणी बघत नाही, कुणी बघूच शकत नाही, तिथे तुम्ही दोघी एकच शब्द म्हणून दार उघडता. कुणास ठाऊक किती दिवस!

तो शब्द मला माहीत नाही. एक गोष्ट करता आली असती. अंदाजानं एकेक शब्द गिरणीत टाकायचा आणि पीठ जुळतंय का पाहायचं. आजोबांचं नाव, आजीचं, तुमच्या जुन्या घराचं. हात फार शिवशिवले. पण मी एकही शब्द टाकला नाही. तो दोघींचा आहे.

एक तारखेला मीठ पडेल आणि या दोन ओळी एकमेकींसारख्या दिसायच्या थांबतील. मग हे कुणालाच कधी कळलं नसतं. म्हणून लिहिलं. चुकले असेन तर रागव.

भिंगरी


२४ फेब्रुवारी

तू म्हणालीस दिसत नाही. आता म्हणतेस दिसलं. मग आणखी काय काय दिसतं तुला? तुझ्या आईच्या सांगण्यावरून हे सगळं चाललंय का? तिला सांग, माझा शब्द माझा आहे, मला तो तिच्याकडून उसना घ्यायची गरज नाही.

खातं आजच बंद कर. मार्चअखेरपर्यंत थांबू नकोस.


२ मार्च

प्रिय मावशी,

आईला यातलं अक्षरही माहीत नाही. तिला मी तुझ्या पत्रांबद्दलही बोललेले नाही. शब्द मला दिसलेला नाही, दिसणारही नाही. दिसलं ते इतकंच, की दोन आहेत आणि सारखे आहेत. पण तेवढंही माझं नव्हतं, हे तुझं बरोबर आहे. आमच्या बाईंना मी सगळं सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "यादी बघताना यापुढे नावांचा रकाना झाकून ठेवत जा. मीही तेच शिकले, अशीच."

काल मीठ घातलं. मी शेवटचं एकदा त्या जोडीकडे पाहिलं आणि बटण दाबलं. क्षणात सगळ्या ओळी बदलल्या. तुमच्या दोघींच्या ओळींत आता कणभरही साम्य राहिलेलं नाही. इतक्या वेगळ्या, की मी स्वतः डोळ्यांनी पाहिलं नसतं तर विश्वास बसला नसता. आणि तरी उद्या तुम्ही दोघी आलात तर दोन्ही दारं त्याच शब्दानं उघडतील. मला पुन्हा तसंच झालं, आ वासून बसले. आता या जगात तो शब्द दोनच माणसांना ठाऊक आहे, आणि माझ्यापाशी फक्त दोन सारख्या ओळींची आठवण.

खातं मात्र मी बंद केलेलं नाही. तुझा पुढचा शब्द आल्याशिवाय करणार नाही. हवं तर आणखी रागव.

भिंगरी


१० मार्च

भिंगरे,

राग उतरला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण यावेळी पीळही गेला. आता नीट बस आणि वाच.

माझा घसा नुसता बसलेला नाही. स्वरयंत्रात गाठ आहे. वीस तारखेला शस्त्रक्रिया आहे. गाठ निघेल म्हणतात, आवाजाचं मात्र कुणी काही सांगत नाही. डॉक्टर चांगला आहे, पोरसवदा आहे, 'आवाज' हा शब्द आला की टेबलावरचा कागद सरळ करतो. मी त्याला म्हटलं, बाबा रे, मी घरातली साळुंकी. तो म्हणाला, "तुम्हाला लिहिता येतं ना?" तेव्हा कळलं. आताच माझा आवाज असा झालाय की परवा दूधवाल्यानं फोनवर 'काका' म्हटलं. म्हणून फोन नको होता. म्हणून खातं बंद करायचं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवत होते, दुसरं काय.

आता तुझ्या त्या दोन ओळींचं. तुझं पत्र आलं त्या दिवशी माझी पाचावर धारण बसली होती, राग नंतर आला. कारण मला वाटलं होतं, तो शब्द तिनं केव्हाच टाकून दिला असेल.

आम्हा दोघींना लहानपणी एक खोली होती, जिन्याखालची. दाराला आतून अडसर. आत जी असेल तिनं अडसर लावायचा आणि बाहेरचीनं शब्द म्हटल्याशिवाय काढायचा नाही. शब्द तुझ्या आईनं काढला होता, ती नऊ वर्षांची, मी सहाची. आईला माहीत नव्हता, बाबांनाही नाही. एकदा बाबांनी माझ्यासारखा आवाज काढून दार ठोठावलं. ताई आतून म्हणाली, "शब्द?" बाबा जिन्यावर बसून इतके हसले की शेजारी बघायला आले.

तेच बाबा आजारी पडले तेव्हा ताई दूर होती, नोकरी नवी होती, तू लहान होतीस. बाबांनी माझ्याकडून वचन घेतलं, तिला कळवायचं नाही, ती सगळं सोडून धावत येईल. मी कळवलं नाही. ती आली तेव्हा बाबा गेले होते, त्यांची खोली पुसूनसुद्धा झाली होती. ती एवढंच म्हणाली, "जन्मभर तुझ्या तोंडात तीळ भिजला नाही, आणि भिजवलास तो नेमका हाच." त्यानंतर आम्ही बोललो नाही. तिचं चुकलं असं मला एकदाही वाटलं नाही. तिनं आधी बोलावं असं मात्र रोज वाटलं.

हे तिला सांगू नकोस. शस्त्रक्रिया होऊन जाऊ दे, मग बघू.

मावशी


१३ मार्च

मावशी,

पत्र वाचलं आणि ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. मग तोंड धुऊन हे लिहितेय, म्हणून थोडक्यात लिहिते.

मी आईला सांगणार नाही. हजारो माणसांची गुपितं सांभाळते, तुझं एक जड नाही. पण तू पुन्हा तेच करतेयस. आजोबांचं लपवलंस, आता स्वतःचं. ती पुन्हा सगळं होऊन गेल्यावर पोचेल आणि पुन्हा पुसलेली खोली बघेल.

तुझा शब्द माझ्या यंत्राला टाइप करून चालतो. आईच्या दाराला तो बोलूनच म्हणावा लागेल, आणि ते वीस तारखेच्या आत. वीसनंतर जमेल की नाही हे कुणालाच माहीत नाही. आईचं नवीन घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या उजव्या हाताला. घंटा बिघडलीय, दार ठोठाव.

भिंगरी


२४ मार्च

भिंगरी,

अक्षर मोठं काढलंय, ओळी वाकड्या गेल्या असतील, चालवून घे. मावशीला तू पानंच्या पानं लिहितेस आणि मला फोनवर 'बरी आहेस ना, ठेवते' एवढंच. तुझी सगळी पत्रं तिनं मला वाचायला दिली. भिंग लावून वाचली. पुढचं तुला फोनवर सांगून भागणार नाही, म्हणून लिहिते.

शस्त्रक्रियेच्या आधीच्या रविवारी दुपारी दार वाजलं. मी भांडी घासत होते. दाराच्या भिंगातून मला हल्ली सगळे भोपळ्यासारखेच दिसतात, म्हणून आतूनच विचारलं, कोण आहे? बाहेरून काहीतरी खरखरलं. बाई की बाप्या तेही कळेना. वाटलं, काही विकायला आलेला माणूस. मी म्हटलं, काही नको आम्हाला, पुढे जा. पुन्हा खरखर. मी साखळी लावली. खरं सांगते, भ्याले.

भिंगरी, मी तिचा आवाज ओळखला नाही. जो आवाज मी रोज ऐकत होते! तू मला ते वाचनालय लावून दिलंस, त्यात 'साळुंकी' हे नाव दिसलं आणि मी बसल्या जागी ताठ झाले. ते नाव मी ठेवलेलं, बडबडते म्हणून. त्यानंतर दुसऱ्या कुणाचं काही ऐकलंच नाही. तिनं वाचलेलं सगळं ऐकलं, बागकामाचंसुद्धा, मला कुंडीत पुदिना जगवता येत नाही तरी. खलाशांचं जहाज मध्येच थांबलं तेव्हा रोज उठून बघायचे, पुढचं आलं का. नाही आलं. काळजीनं जीव टांगणीला लागला. तरी फोन उचलून विचारलं नाही. एवढा माझा ताठा.

आणि तोच आवाज दाराबाहेर होता आणि मी त्याला पुढे जा म्हणत होते.

मग बाहेर शांत झालं. वाटलं, गेला. मी वळले. तेवढ्यात तिनं शब्द म्हटला.

हळू म्हटला. फाटक्या, खरखरीत आवाजात. आवाज तिचा नव्हताच, कुणाचाच नव्हता. पण शब्द तो होता. मी विचार केला नाही, भिंगरी, माझ्या हातानं साखळी काढली. हात ओले होते, दोनदा सटकली. दार उघडलं तर माझी धाकटी बहीण, केस सगळे पांढरे, जिना चढून धापा टाकतेय. लिफ्ट सोडून जिन्यानं आली होती, धीर गोळा करायला. मला म्हणाली, "ताई, यावेळी आधी सांगायला आलेय." घरात साळुंकी ती, आणि तोंड माझं बंद.

वीस तारखेपर्यंत ती इथेच होती. डॉक्टरनं बोलू नका म्हटलं होतं, म्हणून ती बोललीच. मी अडवलं नाही. सगळं बोललो, बाबांचंसुद्धा. मी तिला माफ केलं नाही, कारण माफ करायचं ते केव्हाच होऊन गेलं होतं, मलाच कळलं नव्हतं. तुझ्या त्या यंत्राला माझ्याआधी कळलं. तू लिहिलंस ना, तुमची गिरणी शब्द ठेवून घेत नाही आणि तरी बरोबर माणसाला दार उघडते? ते वाचून मी भिंग खाली ठेवलं. इतकी वर्षं मी तिच्यावर रुसून बसले होते, आणि रोज आमच्या खोलीचाच शब्द टाइप करून तिचा आवाज उघडत होते. आणि तिकडे ती त्याच शब्दानं आत शिरून माझ्यासाठी वाचत होती. दोघींपैकी कुणालाच ठाऊक नाही! मी साधी बाई आहे, मला तुमचं गणित कळत नाही. पण त्यापुढे मान लवते.

गाठ निघाली, सगळी. आवाज येईल न येईल, सहा महिने वाट बघायची म्हणतात. सध्या दवाखान्यात गळ्यात पाटी अडकवून बसलीय आणि खडू मोडेपर्यंत लिहितेय, शेजारच्या खाटेवरची बाई हैराण आहे. मी विचारलं, त्या जहाजाचं पुढे काय झालं ते तरी सांग. पाटीवर लिहिलं, 'मोतीबिंदू काढ आणि स्वतः वाच.' तारीख घेतलीय मी, पुढच्या महिन्याची.

तिचं खातं बंद करू नकोस. माझंही नको. आणि शब्द मला विचारू नकोस, तिलाही नको, आम्ही सांगणार नाही. पण आता ती बोलू शकत नाही, आणि घरी आल्यावर कधी ती भाजी आणायला बाहेर गेली, मी आत असले, तर शब्द कसा म्हणणार? म्हणून आम्ही दोघींनी एक टकटक ठरवलीय. काल खाटेच्या लोखंडी दांडीवर सराव केला, नर्स ओरडली. तीही तुला सांगणार नाही.

तुझी,
आई